पाडव्याची सांगली: वाड्यातली नांदी, बनातला ढोल, यात्रेतला वग

डोंबिवलीकराला पाडव्याला गाव सोडवत नाही. नववर्षाच्या स्वागतयात्रेची प्रथा 1999 मध्ये आमच्याच गणेश मंदिरापासून सुरू झाली. तेव्हापासून दर चैत्रात पहाटे सहाला नऊवारी नेसून फडके रोडवर हजर, हे ठरलेलं. या वर्षी मात्र लेकीला घेऊन सांगली गाठली. मावशी कधीपासून म्हणत होती, "तुमच्याकडे मिरवणूक असते, आमच्याकडे खेळ असतो. एकदा पाडव्याला ये आणि बसून बघ." लेक कथक शिकते. तिची परीक्षा संपली होती, म्हणून तीही लगेच तयार झाली.

फाल्गुन अमावास्या

कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की पहाटे सांगली. स्टेशनवर मावसभाऊ आला होता. दादा बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात नाटक करतो. त्याच्या बोलण्यावरून मात्र उलटच वाटतं. गाडीत बॅगा टाकता टाकताच त्यानं सांगून टाकलं, "संध्याकाळी रंगीत तालीम हाय. झोप दुपारीच काढून घ्या."

सकाळी गणपतीचं दर्शन घेतलं. पटवर्धनांचा हा गणपती म्हणजे सांगलीचं कुलदैवतच. पाडव्याच्या आदल्या दिवशीचा बाजार काय वर्णावा! वेळूच्या काठ्यांचे भारे, कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या पांढऱ्या-गुलाबी गाठींच्या माळा आणि वाटेत कुठंतरी पोत्यांतून येणारा हळदीचा वास. तेव्हा नव्या हळदीचे सौदे चालू होते. मावशीनं गाठी घासाघीस न करता घेतल्या. वर्षाच्या पहिल्या सणाला भाव करायचा नाही, हा तिचा नेम आहे.

तालीम गावभागातल्या एका जुन्या वाड्यात होती. मधला चौक, चारी बाजूंनी लाकडी खांबांची ओसरी. एका बाजूच्या ओसरीवर फळ्या टाकून रंगमंच केला होता. पडदा दोरीनं ओढायचा. मंडळ हौशी: शिक्षक, दुकानदार, एक वकील, कॉलेजची मुलं. खेळाचे दोन भाग होते. आधी विष्णुदास भाव्यांच्या काळी नाटक जसं व्हायचं तसा पूर्वरंग, म्हणजे आरंभीची देवस्तुती, आणि आख्यानाचा एक तुकडा, मग देवलांच्या 'शारदे'तले काही प्रवेश.

चौकात एका कोपऱ्यात मोर तयार होत होता. वेताचा सांगाडा, त्यावर निळं कापड, खऱ्या पिसांचा पिसारा. मधोमध पोकळी. त्या पोकळीत नट उभा राहायचा, मोर कमरेला बांधायचा आणि वर सरस्वती, खाली मोर, असा नाचत यायचा. सरस्वती करणारा मुलगा इंजिनिअरिंगला होता. मोर बांधून त्यानं दोन फेऱ्या मारल्या, पण मोर सारखा कलायचा. माझी लेक न राहवून पुढं झाली. "दादा, कमरेच्या वर काही हलवू नका. चाल फक्त पोटरीतून घ्या." त्यानं तसं करून पाहिलं आणि मोर तरंगत आल्यासारखा आला. ओसरीवरचे सगळे "वाऽ" म्हणाले. तिथून लेक मंडळाचीच झाली.

सूत्रधाराचं काम करणारे आजोबा ऐंशीच्या घरातले. तालमीच्या मध्ये चहा आला तेव्हा त्यांनी लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि सगळा इतिहास सांगितला. 1842 च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली आणि त्यांनी यक्षगानाचे खेळ केले. संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना ते आवडले. असा खेळ आपल्या भाषेत का नको, म्हणून त्यांनी पदरच्या विष्णू अमृत भावे (हेच विष्णुदास) या तरुणाला कामाला लावलं. 5 नोव्हेंबर 1843 ला राजवाड्यात 'सीतास्वयंवर' झालं. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला तो त्यावरून.

"पण बाळ, तेव्हा नटाला पाठ करायला भाषण नव्हतंच," आजोबा म्हणाले. "पदं सगळी सूत्रधार म्हणणार. राम, सीता, रावण उभे राहून त्या पदाचा अर्थ आपल्या बोलीत बोलणार. ज्याला जसं सुचेल तसं. म्हणजे नाटक रोज नवं."

आप्पासाहेब 1851 मध्ये गेले आणि राजाश्रय तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ लावले आणि 1853 मध्ये मुंबईला प्रयोग केले. सांगलीकर हे सगळं घरातली हकिगत सांगावी तसं सांगतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. दुकानात भडंग बांधून देणाऱ्या माणसालाही 1843 हे साल माहीत होतं.

पाडवा

उजाडायला गुढी. कडुलिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, गूळ, चिंच असं वाटून मावशीनं प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. काकांनी पंचांग वाचलं. गल्लीतून लेझमाचा ताफा गेला, पोरींचा हात छान बसला होता. दुपारी पुरणपोळी आणि कटाची आमटी. बाकी दिवस तयारीतच गेला.

संध्याकाळी सातला आम्ही वाड्यात पोचलो, तर चौक भरलेला. सतरंज्यांवर माणसं, ओसरीवर माणसं, वरच्या सज्ज्यात बायका-मुलं. पाडव्याचे नवे कपडे, मोगऱ्याचे गजरे. रंगमंचाची पूजा झाली, नारळ वाढवला, धूप फिरला. तिसरी घंटा झाली.

पडद्यामागून आधी मृदंग आणि झांज. मग सूत्रधार बाहेर आले. काल चहा पिताना वाकून बसलेले आजोबा आता पागोटं, उपरणं, अंगरखा घालून ताठ उभे. त्यांनी मंगलाचरण सुरू केलं आणि पहिल्या दोन ओळींतच सगळा चौक शांत. मागं दोघं-तिघं झील धरणारे. तेवढ्यात विदूषक आला, म्हणजे आमचा दादा, डोक्याला पानं बांधून. सूत्रधार म्हणतात, इथं गजानन येणार आहेत. विदूषक विचारतो, येणार तर त्यांच्या मोदकांची सोय कुणाकडं? समोरच्या रांगेतल्या एका काकूंनी तिथल्या तिथं उत्तर दिलं, "आमच्याकडं पाठवा!" दादानं ते उत्तर उचललं, काकूंना वाकून नमस्कार केला आणि पुढची पाच मिनिटं त्या काकूंच्या घरचा पत्ता, मोदकांची संख्या, तुपाची धार यावर चालवली. हे काही लिहिलेलं नव्हतं. आजोबांनी आदल्या संध्याकाळी सांगितलेली रीत समोर चालू होती.

गणपती आला, आशीर्वाद देऊन गेला. मग सरस्वती. मोराच्या पिसाऱ्यामागून दोन मुली हातात समया घेऊन आल्या. मोर पडद्याच्या फटीतून आधी मान काढून बघतो, मग एक पाऊल, मग मागं, मग सरळ पुढं येऊन गिरकी. मृदंगाचा हात वाढत गेला. लेकीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. गिरकी संपली तेव्हा मोर जागच्या जागी थांबला, कणभरही कलला नाही.

आख्यानात राक्षस आले ते मात्र लहान मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहतील. विजेचे दिवे बंद केले. ओसरीच्या दोन टोकांना दोन मशाली. त्यावर राळेची चिमूट टाकली की भपकन जाळ उठायचा आणि त्या उजेडात काळे-लाल रंगवलेले चेहरे "अलल्लल" करत चौकातून धावत यायचे. ओसरीखाली पाण्याच्या बादल्या आणि दोन माणसं तयारीत होती, हेही सांगायला हवं. वाडा लाकडी आहे.

मध्यंतरात सगळ्यांना पन्हं.

दुसऱ्या भागात 'शारदा'. गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. 1899 मध्ये त्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो, एवढीच गोष्ट. पण एवढीच गोष्ट तेव्हा किती घरांत घडत होती! शारदेचं काम करणारी मुलगी अकरावीतली. ऑर्गनवर एक निवृत्त संगीतशिक्षिका, तबल्यावर त्यांचा मुलगा. मुलीचा आवाज फार मोठा नव्हता, पण तिनं पद गाताना ताना मारल्या नाहीत. शब्द स्वच्छ ठेवले, आणि जिथं शारदेला बोलवत नाही तिथं तिलाही गाववेना असं वाटलं. माझ्या डावीकडच्या आजी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. कांचनभट पैशाची गोष्ट काढतो त्या प्रवेशाला मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाप हायस का कोण?" कुणी हसलं नाही. नटही थांबला नाही.

नाटक संपल्यावर कुणी उठेना. दादाच्या मंडळाच्या पेट्या, पडदे, कपडे 2019 च्या पुरात गेले होते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर चढलं होतं आणि गावभाग पाण्यात होता. आजचा पडदा नवा होता, वर्गणीतून शिवलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी तो शिवणाऱ्या बाईंना रंगमंचावर बोलावून त्यांच्या हातात श्रीफळ दिलं. टाळ्या सगळ्यात जास्त तिथं पडल्या.

रात्री घरी येताना मी मावशीला म्हटलं, सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात ते आज समजलं. ती म्हणाली, "भाव्यांनी नाटक केलं, खाडिलकर इथं जन्मले, देवल इथले, सगळं खरं. पण बघणारी माणसं कुठली? ती आधीपासून होती. कीर्तनाला बसणारी, तमाशाला जाणारी, धनगरांच्या गजी नाचाच्या ढोलाभोवती उभी राहणारी. तुला ती दाखवते." पुढचे दिवस तिनं खरंच तेवढ्यासाठी ठेवले होते.

द्वितीया, मिरज

दादाच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, गेली होती, म्हणून मिरजेला सतारमेकर गल्लीत. सांगलीहून अर्ध्या तासाची वाट. गल्लीत दोन्ही बाजूंना वाळत घातलेले भोपळे, अर्धवट दांड्या, रंधा मारल्याचा आवाज, पॉलिशचा वास. पूर्वी शस्त्रं घडवणारे-दुरुस्त करणारे शिकलगार इथं वाद्यांकडे वळले. त्यांत फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागिरानं तानपुरा आडवा मांडीवर घेतला. तार घोडीवरून जिथं जाते तिथला पृष्ठभाग त्यांनी कानशीनं अगदी हलक्या हातानं घासला, बोटानं पुसला, तार चढवली, छेडली. नाही. पुन्हा उतरवली, पुन्हा घासली. एका घासण्यात केसाएवढंही जात नसेल. मग सुताचा दोरा तारेखाली सरकवत सरकवत नेला आणि एका जागी तार एकदम उघडली. आतापर्यंत ठक वाजणारी तार गुंजत राहिली. चारही तारांना हेच. लेक तासभर हलली नाही. "हे कानानं करता की हातानं?" तिनं विचारलं. ते म्हणाले, "हात कानाचं ऐकतो, बेटा. डोळ्याचं काम न्हाई ह्यात."

याच मिरजेत 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या तरुणानं पहिल्यांदा शकुंतला केली. ते बालगंधर्व. जन्म 1888 चा, पलूसजवळच्या नागठाण्याचा. त्यांच्या पहिल्या प्रयोगाला मागं कुठले तानपुरे असतील, याचा विचार त्या गल्लीत उभं राहून केल्याशिवाय राहवत नाही. परतताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर इथंच आहे. दुपार टळटळीत होती, तरी आतला दगड गार होता.

तृतीया, आरेवाडी

मावशीकडे चैत्रगौर बसली. आंब्याची डाळ आणि कलिंगडाच्या फोडी डब्यात घेऊन आम्ही कवठेमहांकाळकडे निघालो. मिरज सोडलं की काळ्या रानाचा उसाळ मुलूख मागं पडतो. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तिथं द्राक्षबागा, शेडमध्ये जाळ्यांवर वाळत घातलेला बेदाणा. नाही आलं तिथं बाभळी आणि मेंढरं. आरेवाडीचं बिरोबाचं बन या मुलखात. धनगर समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. पाडव्याच्या दिवसांत इथं भाविकांची रीघ लागते, जत आणि आटपाडीकडून, पार कर्नाटकातूनही.

दर्शनाच्या रांगेत असतानाच ढोल ऐकू आला. गजीचा ढोल लांबून छातीत वाजतो. बनात झाडांखाली मोकळ्या जागेत मंडळ धरलं होतं. मधोमध ढोलवाले आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, वाजवणारे. त्यांच्याभोवती गोल धरून गडी. पांढरं धोतर, पांढरा लांब झगा, डोक्याला फेटा, दोन्ही हातांत रंगीत रुमाल. वयं वीसपासून सत्तरपर्यंत. सुरुवात इतकी संथ की नाच सुरू झालाय हे कळू नये. एक पाऊल आत, एक बाहेर, रुमाल वर, रुमाल खाली. मग ढोलानं ठेका बदलला. कुणी खूण केली नाही, कुणी ओरडलं नाही, पण सगळा गोल एकदम उलटा फिरला. भंडारा उडाला. झगे पिवळे झाले.

मी लेकीकडे पाहिलं. ती बोटांवर मात्रा मोजत होती. नंतर सांगत होती की ठेका सोपा वाटतो पण फसवा आहे, वजन मध्येच सरकतं, आणि इतकी माणसं ते एकाच श्वासात सरकवतात. तिच्या गुरूंकडे वर्षभर घोटून घेतात ते इथं सत्तरीचे आजोबा धोतर सावरत करतात. तिला त्या आजोबांचे पाय सोडवत नव्हते. मावशीनंच त्यांना गाठलं. आजोबा म्हणाले, "शिकवलं कुणी न्हाई पोरी. बापामागनं चालत आलो, तसंच ह्ये बी."

झाडाच्या सावलीला एक गट ओव्या म्हणत होता. "सुंबरान मांडिलं" असा सूर लागला की भोवतीची माणसं बसकण मारतात. एकजण कथा गातो, बाकीचे धरतात. अध्येमध्ये गायन थांबतं आणि तोच माणूस गद्यात बोलतो, कधी देव होऊन, कधी देवाची आई होऊन. भाव्यांच्या सूत्रधाराशी याचं नातं मला तिथं स्वच्छ दिसलं. पदानं कथा पुढं न्यायची, बोलीनं ती उभी करायची. परवाच्या चौकात आजोबांनी हेच तर केलं होतं. मावशीला काय दाखवायचं होतं ते मला इथं समजलं, आणि आम्ही दोघी त्यावर पुढं काही बोललो नाही. तिनं डबा उघडला. आंब्याची डाळ आम्ही ओवीकरांबरोबर वाटून खाल्ली.

यात्रेतला तमाशा

चैत्र लागला की या भागात गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा. दादाच्या मित्राचं गाव तासगाव रस्त्याला. संध्याकाळी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान, आणि रात्री तमाशा, त्यात शेवटी वग म्हणजे नाटक. मावशी सत्तरीची, पण यायचंच म्हणून बसलेली. "माझ्या वडलांनी मला खांद्यावर बसवून वग दाखवलाय. आता मी जमिनीवर बसून बघते, एवढाच फरक." आमच्या आधी दहा-बारा बायका येऊन बसलेल्या पाहून मला फार बरं वाटलं.

फडाच्या मालकीणबाईंनी आम्हाला कनातीमागं येऊ दिलं. दोन ट्रक उभे. एका ट्रकच्या फाळक्यावर आरसा टांगून वगातला राजा दाढी चिकटवत होता. त्याच्या पलीकडे एक कलावंतीण चाळ बांधायला बसली होती. तिनं आधी चाळाला हात लावून कपाळाला लावला, घोट्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळली, मग चाळाचा एकेक वेढा आवळत वर नेला. प्रत्येक वेढ्याला पाय आपटून बघायचा. लेकीनं नमस्कार केला आणि आपणही घुंगरू बांधतो असं सांगितलं. "बांध मग," म्हणून तिनं दुसरा चाळ लेकीच्या हातात दिला. लेकीच्या घुंगरांहून तो कितीतरी जड. "रातभर?" लेकीनं विचारलं. "आता कुठली रातभर? बारापर्यंतच परवानगी. आमच्या आईच्या टायमाला उजाडायचं." ध्वनिक्षेपकाच्या वेळेची अट आल्यापासून वग आटोपता घ्यावा लागतो, ही खंत त्या सगळ्यांनाच आहे.

मालकीणबाईंशी बरंच बोलणं झालं. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं येऊन यात्रेची सुपारी देतात. म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस या माणसांच्या सबंध वर्षाच्या पोटाचा असतो. पावसाळ्यात खेळ नसतात. तेव्हा कलावंतांना घर चालवायला उचल द्यावी लागते, ती मालक कर्ज काढून देतो आणि हंगामात फेडतो. 2020 आणि 2021 मध्ये यात्राच बंद राहिल्या. तेव्हा ट्रक विकले गेले, ढोलकीवाले मजुरीला गेले. "पर फड मोडला न्हाई," त्या म्हणाल्या. नुसत्या मालकीण नव्हत्या त्या, त्या रात्री वगात राणीचं काम त्यांनीच केलं.

खेळ सुरू झाला तो सलामीनं. आधी हलगी एकटी कडकडली, मग ढोलकीनं तिला उत्तर दिलं. हलगीवाला आगटीजवळ बसून कातडं शेकत होता, ते ताणलं गेलं की आवाज सुरीसारखा लागतो. तुणतुण्यावर एक म्हातारबुवा, कडीवर एक पोरगा. गण झाला. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशीचं काम पुरुषानंच केलं, लुगडं खोचून, तोंडात पान. माझ्या मावशीला त्यानं समोरून हेरलं आणि "अगं भैनी, तू इथं?" म्हणून हाक मारली. सगळं मैदान हसलं. माझी मावशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझीच वाट बघत्येय, दुधाचा हिशेब दे." पुढं दोघींचा तो संवाद चांगला रंगला.

मग लावण्या. मघाची कलावंतीण आता जरीच्या शालूत, काष्टा मारून. ट्रकमागं ती थकलेली दिसत होती. ढोलकीच्या पहिल्या थापेला तिनं मान वर केली आणि कुठला थकवा! शेवटाला ढोलकीवाला आणि ती समोरासमोर आली. त्यानं बोल वाजवायचा, तिनं चाळानं तो जसाच्या तसा परत करायचा. बोल लांबत गेले, गुंतागुंतीचे होत गेले. कथकमध्ये तबल्याशी अशीच सवाल-जवाबाची जुगलबंदी असते. लेक नंतर म्हणाली, आमच्याकडं लोक शेवटी टाळ्या देतात, इथं प्रत्येक जवाबाला मैदान सांगतं, बरोबर आला की नाही. आणि ते खरं होतं. एका बोलाला तिचा पाय किंचित आधी पडला, तर पुढच्या रांगेतला एक पैलवान गडी "न्हाई न्हाई" म्हणाला. तिनं हात जोडले, बोल पुन्हा मागितला, पुन्हा केला. मग त्यानं फेटा काढून हवेत फिरवला.

बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, झाली, वग झाला. वग ऐतिहासिक होता, बाराच्या आत बसवलेला, त्यामुळे शेवट घाईचा वाटला. ते दुखलं. इतक्या ताकदीच्या नटांना शेवटच्या प्रवेशात श्वास घ्यायला जागा नव्हती.

हा सगळा मुलूखच तमाशाचा. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. 1866 चा जन्म, कुळकर्ण्याच्या घरातले, जात-वतन सोडून फडात गेले. काळू-बाळूंचं कवलापूर याच रस्त्यावर. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, पण वगातल्या हवालदारांची नावं त्यांना अशी चिकटली की मूळ नावं मागं पडली. दादाच्या मित्राच्या वडिलांनी त्या दोघांना पाहिलंय. दोघांतला कोण कुठला हे ओळखण्यावर पैजा लागायच्या, असं ते सांगत होते.

रात्र मित्राच्या घरी काढली, कारण सकाळी हजेरी. रात्रीच्या खेळानंतर सकाळी देवळापुढं फडानं हजेरी लावायची, ही यात्रेची रीत. आता कनात नाही, रोषणाई नाही. उघड्यावर, पारासमोर, साध्या साड्यांत. रात्री लांब बसलेल्या गावातल्या बायका सकाळी अगदी पुढं येऊन बसल्या होत्या. दिवसाउजेडी लावणी म्हटली गेली. लेकीला ढोलकीवाल्यानं पारावर बसवून दोन बोल शिकवले, ते तिनं अनवाणी पायानं जमिनीवर करून दाखवले. पंचांपैकी एकानं तिलाही नारळ दिला.

हरिपूर आणि परत

शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची. दुपारी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. देवलांचं गाव. हळदीच्या पेवांचंही गाव. जमिनीत खोल खणलेल्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात पाणी त्यांत शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. एका उघड्या पेवात वाकून पाहिलं, तळ दिसला नाही. नदीला पाणी कमी होतं, पोरं पोहत होती.

घाटावर दादानं नवं काम काढलं. मंडळाला नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला पुन्हा भाव्यांच्या पद्धतीचा खेळ करायचाय. या वेळी अख्खं आख्यान, आणि राक्षसांना नाच हवाय. नुसतं धावणं नको. त्यानं लेकीला विचारलं, बसवशील का? ती म्हणाली, बसवते, पण ठेका गजीचा हवा, आणि ढोल आरेवाडीकडचेच हवेत, रेकॉर्डिंग चालणार नाही. दादानं तिथूनच सूत्रधार आजोबांना फोन लावला. मावशी मला म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट आरक्षण उघडलं की लगेच काढ. मागनं मिळत न्हाई." स्टेशनवर गाडी यायच्या आत मी ते फोनमध्ये नोंदवूनही ठेवलं.